प्रीतिभोजन केटररला द्यावं का? पार्सल दिलं तर ते प्रीतिभोजन राहतं का?

रविवारची_सुट्टी

जय ख्रिस्त आणि नमस्कार सगळ्यांना, जरा लांबण लागणार आहे, आधीच सॉरी.

आमची चर्चची मंडळी पिंपरी-चिंचवड भागातली, नव्वदेक घरं, बहुतेक नगर, जालना, बीडकडनं कंपनीत नोकरीला आलेली. दरवर्षी कापणीच्या सणाला उपासना झाली की प्रीतिभोजन असतं, लोक शेतातलं नाही तर बाजारातलं काहीतरी आणून वेदीसमोर ठेवतात, भोपळा, कणसं, कोंबडीसुद्धा, मग लिलाव, मग पंगत. यंदा मी पहिल्यांदा पंच कमिटीत आहे (वय ३१, बाकी सगळे काका-मामा) आणि जेवणाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडलीय.

तर खजिनदार काका म्हणाले की केटररला देऊन टाकू, १७० रुपये बॉक्स, पुलाव, रायता, एक गुलाबजाम, गेटवर उभं राहून वाटायचं, ज्याने त्याने घरी नेऊन खायचं. हॉल दीडला खाली करायचा असतो, पार्किंगवरून सोसायटीवाले दरवर्षी भांडतात, सगळं पटण्यासारखं होतं म्हणून मीही हात वर केला आणि ठराव पास.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती गवार निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "मंग त्याला डबा म्हना. प्रीतिभोजन नका म्हनू." नंतर बराच वेळ काही बोललीच नाही.

संध्याकाळी तिने सांगितलं, ते डोक्यातून जाईना म्हणून हा धागा. ती राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणी प्रीतिभोजनाला प्रत्येक घरातनं भाकरी फडक्यात बांधून यायच्या, आणि देवळाच्या दारात (ती चर्चला देऊळच म्हणते) एक मोठी पाटी ठेवलेली असायची. सगळ्या भाकरी त्या पाटीत. कुणाची ज्वारीची, कुणाची बाजरीची, कुणाची करपलेली, ज्याच्या घरी पीठच नाही तो सरपण नाहीतर दोन कांदे आणायचा. मग पाटी हलवायची. आणि वाढायला घेतलं की कुणाची भाकर कुणाच्या ताटात गेली कळायचं नाही.

पाळकसाहेबांना विचारलं, ते म्हणाले प्रभुभोजन (उपासनेत भाकर-द्राक्षरस घेतात ते) वेगळं आणि जेवण वेगळं, एक संस्कार आहे आणि एक कार्यक्रम, गल्लत करू नकोस. बरोबर असेल त्यांचं. पण मला विचारायचंय की एकत्र बसून जेवण्यात खरंच काही पवित्र असतं, का आपण नुसतं जुनं आठवून हळवं होतो? ठराव बदलायचा तर आठवड्यात सांगावं लागेल, केटररला ॲडव्हान्स द्यायचाय.

---

भाकरतुकडा

जय ख्रिस्त. मी नगरचा, रिटायर्ड मास्तर, त्यामुळे तास घेतल्यासारखं लिहीन, सवय जात नाही.

पाळकसाहेब आजच्या रीतीप्रमाणे बरोबर आहेत, पण सुरुवातीला ही दोन जेवणं वेगळी नव्हती. प्रेषितांची कृत्ये दुसरा अध्याय काढ, घरोघरी भाकर मोडायचे आणि आनंदाने जेवायचे, एकाच दमात लिहिलंय. आणि प्रीतिभोजन हा शब्द काही आपल्या नगरवाल्यांनी काढलेला नाही, यहूदाच्या पत्रात बाराव्या वचनात आहे, तिथेसुद्धा तक्रारच आहे की काही लोक त्यात नुसतं स्वतःचं पोट भरतायत. म्हणजे भांडण पहिल्या शतकापासूनचं.

खरी गंमत करिंथची, ग्रीसमधल्या त्या शहरातल्या मंडळीची. पहिलं पत्र, अकरावा अध्याय. प्रेषित पौलाने हे पत्र इसवी सन ५५ च्या आसपास लिहिलं. तिथली मंडळी कुणा पैसेवाल्याच्या घरी जमायची, जे सवडीचे ते लवकर येऊन खाऊनपिऊन मोकळे, आणि जे मजूर, गुलाम, ज्यांना मालकाने सोडल्याशिवाय येता येत नाही ते येईपर्यंत पातेलं खरवडलेलं. एक उपाशी, एक झिंगलेला. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात. पौल चिडलाय, म्हणतो हे प्रभूचं भोजन नव्हेच. आपण प्रभुभोजनाच्या वेळी जी वचनं ऐकतो, ज्या रात्री त्याला धरून दिलं त्या रात्री वगैरे, ती ह्याच भांडणाच्या मधोमध आलेली आहेत, हे लोक विसरतात. आणि शेवटी उपाय काय सांगतो? मोठं काही नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. झालं.

तुझ्या पार्सलची अडचण मला तिथे दिसते. पुलाव केटररचा असला तर काही बिघडत नाही. पण पार्सल घेणाऱ्याला कुणासाठी थांबावं लागत नाही.

दुसरी गोष्ट अम्माऊसची, लूक २४. दोघे चालले आहेत, तिसरा वाटेत भेटतो, सगळा शास्त्राचा अर्थ उलगडून सांगतो, ह्यांच्या अंतःकरणात आग पेटते तरी हा कोण ते ओळखू येत नाही. गाव आल्यावर तो पुढे जायच्या बेतात असतो. हे आग्रह करतात, संध्याकाळ झाली, राहा आमच्याकडे. आपल्या बायबलात शब्द आग्रहच आहे. तो आग्रह केला नसता तर तो गेला असता पुढे, आणि ह्यांना कळलंही नसतं कोण होता. आणि मग घर ह्यांचं, भाकर ह्यांची, पण पाहुणाच भाकर हातात घेऊन मोडून यांना देतो. तेव्हा डोळे उघडले, की हा तर मेलेल्यांतून उठलेला प्रभू. मी चाळीस वर्षं शिकवलंय, इतकं चांगलं प्रवचन देऊनही पोरांना कळलं नाही ही गोष्ट मला फार धीर देते :)

आता एक अवघड लिहितो. तुझ्या आजीला विचार, पाटी कशासाठी हलवायचे? आमच्या भागात मिशन १८३१ ला आलं, पुढे खेडोपाडी महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले लोक ख्रिस्ती झाले, आणि बाप्तिस्मा घेऊनसुद्धा कित्येक ठिकाणी एकमेकांच्या हातचं खात नव्हते. माझे वडील सांगायचे, त्यांच्या गावात एकाच देवळात दोन पंगती बसायच्या, मधे चटईभर जागा सोडून. हे लिहायला बरं वाटत नाही पण होतं ते होतं. मला संशय आहे की ती पाटी कुणातरी मास्तराचं डोकं असणार.

---

खरकटं

सगळं छान चाललंय, भाकर काय, अम्माऊस काय. एक विचारते, भांडी कोण घासणार?

मी सोलापूरची. आमच्या मंडळीत प्रीतिभोजन म्हणजे भगिनी मंडळ पहाटे पाचपासून आवारात, कांदे कापून डोळे लाल, उपासना सुरू झाली की आम्ही मागच्या दाराने गीत ऐकायचो, उपदेश तर अकरा वर्षं ऐकला नव्हता मी त्या दिवशीचा. मग पंगत, आधी पाहुणे, मग पुरुष, मग पोरं, मग आम्ही, तोवर मटणाचा नुसता रस्सा. मास्तर, करिंथमधले उशिरा येणारे गुलाम तुम्हाला दिसले, तुमच्या मंडळीतल्या चुलीजवळच्या बायका दिसल्या का? रागावू नका, पण खरंच विचारतेय.

आणि लगेच कुणीतरी मार्था-मरीयेचं सांगू नका, की प्रभू घरी आला तेव्हा मरीया बसून ऐकत होती आणि मार्था उगाच दगदग करत होती. मार्थेने पण बसून घेतलं असतं तर त्या दिवशी प्रभूसकट सगळे उपाशी झोपले असते.

त्यामुळे केटरर बोलवायचं म्हटलं की पुरुषांना जुने दिवस आठवून गहिवर येतो, आम्हाला कंबर आठवते. मी केटररच्या बाजूने. निदान तोवर, जोवर पुरुष पातेली घासत नाहीत.

(आमच्याकडे चार वर्षांपूर्वी यावरून मोठं वाजलं, दोघीतिघींनी सरळ सांगितलं यंदा आम्ही बाकावर बसणार. तेव्हापासून चूल तरुण संघाकडे आणि भांडी पंच कमिटीकडे. पहिल्या वर्षी वरणाला खालून लागलं होतं आणि कुणी काही बोललं नाही, गपचूप खाल्लं. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रीतिभोजन ते.)

---

उकळता_चहा

मी ख्रिस्ती नाही, पुण्यातला, सदाशिव पेठेच्या आसपासचा, लिहू का नको असं झालं पण विषय असा आहे की राहवलं नाही.

आमच्या पुण्याने या जेवणखाणाच्या प्रकरणात एकदा जगाला हसू येईल असा घोळ घालून ठेवलाय. १८९० चा ऑक्टोबर, पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या मोठमोठ्या मंडळींना बोलावलं होतं, भाषण झाल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. रानडे होते, टिळक होते. काहींनी प्यायला, काहींनी म्हणे नुसता कप हातात घेऊन खाली ठेवला. गोपाळराव जोशींनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान, वल्ली माणूस) नावांसकट प्रकरण वर्तमानपत्रात आणलं, ग्रामण्य (म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद) झालं, शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, आणि शेवटी प्रायश्चित्तं घ्यावी लागली, रानड्यांनासुद्धा. एका कप चहासाठी! आज त्याच भागातून जाताना चर्चचा तो उंच मनोरा दिसला की मला आधी चहाच आठवतो.

पण त्यावर हसताना मी जरा जपून हसतो, कारण आमच्या घरातलं सांगतो. शाळेत माझा जिगरी दोस्त ख्रिस्ती होता. त्याच्याकडून नाताळला फराळ यायचा, करंज्या, शंकरपाळी, चकल्या, अगदी आपल्या दिवाळीसारखा, स्टीलच्या डब्यात आणि वर क्रोशाचा रुमाल. आमची आजी हसून घ्यायची, डबा रिकामा पाठवू नये म्हणून त्यात साखर घालून परत द्यायची, आणि फराळ कामवाल्या बाईंना. सात-आठ वर्षं. मला घरात कुणी सांगितलं नव्हतं, मी बघत होतो. दोस्त विचारायचा करंज्या कशा झाल्या होत्या, मी सांगायचो मस्त.

आठवीत असताना त्याच्या घरीच गेलो, त्याच्या आईने पुढ्यात ताटली ठेवली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पहिली करंजी खाल्ली. ती म्हणाली, "यंदा सारण जरा कोरडं झालंय नं?" मला काय उत्तर द्यावं सुचेना, कारण आधीचं कसं असायचं ते मला माहीतच नव्हतं. तिला सगळं माहीत होतं असं मला आज वाटतं.

पवित्र वगैरे मला कळत नाही. पण रविवारची_सुट्टी, तुमच्या आजीची पाटी मला कळली.

---

वसईचा_वारा

अरे काय रडवताय सकाळी सकाळी.

मी वसईचा, कॅथलिक, आमच्याकडे प्रीतिभोजन असा शब्द नाही, आमच्याकडे जेवणच असतं आणि ते कायम असतं. लग्न म्हटलं की आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जायचं आणि तिथनं जे जेवण सुरू होतं ते थांबत नाही. पण मास्तरांनी अम्माऊस सांगितलं तर मी आपलं मासळीवाल्यांचं सांगतो, योहान २१. शिष्यांनी रात्रभर जाळं टाकून काही नाही, पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी उभा (तोच, उठलेला प्रभू), सांगतो उजवीकडे टाका, १५३ मासे. कुणीतरी बसून मोजले असणार बघा, मासळीवाला माणूस कुठल्याही चमत्कारात मोजणार. किनाऱ्यावर येतात तर ह्याने आधीच निखारे केलेत, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. आणि म्हणतो काय, तुम्ही आत्ता धरले त्यातले पण थोडे आणा. स्वतःकडे आहे तरी म्हणतो तुमचे पण आणा! मला हे फार आवडतं. मग म्हणतो, या, न्याहारी करा.

आणि ह्यात पेत्र आहे, ज्याने येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलेलं, तेही निखाऱ्याशेजारीच शेकत उभा राहून. त्याला आधी खायला घातलंय, तू असं का केलंस ते विचारलेलंच नाही. जेवण झाल्यावर नुसतं, माझ्यावर प्रीती करतोस का. आमची आई पण तशीच होती, मार पडायचा असला तरी आधी जेव म्हणायची.

म्हणून माझं मत, केटररचा मेन डिश घ्या हवं तर, पण प्रत्येक घराने काहीतरी आणलंच पाहिजे, लोणचं का असेना. आणि मटण नीट शिजवा, कच्च्या मटणात देव शोधायला लावू नका लोकांना.

---

पिंपरीची_सून

मी मराठी, नवरा मल्याळी, सासरचे सिरियन ख्रिश्चन. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बघितलं ते सांगते.

पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) संध्याकाळी त्यांच्याकडे घरीच पेसहा अप्पम करतात, तांदूळ-उडदाच्या पिठाची न आंबवलेली भाकरी म्हणा, वर झावळीचा क्रूस ठेवतात, आणि सोबत नारळाच्या दुधात गूळ घालून केलेलं पाल. घरातला सगळ्यात वडीलधारा माणूस प्रार्थना करून तुकडे करतो आणि वयाने मोठ्यापासून एकेकाला देतो. चर्चमध्ये नाही, डायनिंग टेबलवर. म्हणजे पाळकसाहेब म्हणतात ती रेघ त्यांच्याकडे तरी इतकी ठळक नाही.

पण मला जे लागलं ते वेगळंच. ज्या घरात त्या वर्षात कुणी गेलं असेल ते घर अप्पम करत नाही. मग शेजारी, नातेवाईक आणून देतात. माझे सासरे गेले त्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं की आपण करायचं नाही तर मग काय करायचं, त्या म्हणाल्या काही नाही, बसायचं. आम्ही बसलो. सातच्या सुमाराला बेल वाजली, मग परत वाजली, रात्रीपर्यंत टेबलावर पाच घरचे अप्पम, पाच चवींचे, एक तर अगदी बिनमिठाचं. सासूबाईंनी प्रत्येकातला तुकडा मोडून खाल्ला, एकही सोडला नाही.

---

रविवारची_सुट्टी

सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. खरकटं ताई, तुमचं वाचून मला जरा लाज वाटली कारण मी जेवणाची यादी करताना "बायकांना सांगून ठेवणे" असं खरंच लिहिलं होतं. खोडलं.

मास्तरकाका, आजीला विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की हे तुला कुणी सांगितलं. मग सांगितलं. त्यांच्या गावात दोन्ही वाड्यांतली घरं ख्रिस्ती होती आणि पाटीच्या आधी प्रत्येकजण आपापली शिदोरी सोडून आपापल्या कोपऱ्यात बसायचा. मग एक मास्तर आले, शाळा पण तेच घ्यायचे आणि उपासना पण. त्यांनी पाटी आणली. पाटीच्या पहिल्या दोन वर्षांत काही घरं जेवायच्या वेळेला उठून गेली, पोट दुखतंय, गुरं सोडायचीत. आणि एका बाईने, आजी म्हणाली आमच्याच भावकीतली, आपल्या भाकरीच्या कडेला अंगठा दाबून खूण करून ठेवली होती, म्हणजे पाटीतनं आपलीच काढून घेता येईल. मास्तरांनी बघितलं. काही बोलले नाहीत, वाढायला लागले तेव्हा ती अंगठ्याची भाकर स्वतःच्या ताटात घेतली आणि दुसरी तिला वाढली.

मी विचारलं मग तिने खाल्ली का. आजी म्हणाली, "सगळं गाव बघत व्हतं, खाईना तं काय करील." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ती म्हंजी माझी आई."

यावर मला अजून काही लिहिता येत नाहीये, नंतर कधीतरी.

कमिटीचं सांगते. ठराव पूर्ण फिरला नाही. खजिनदार काका अडून बसले की हॉल दीडला सोडायचाच. शेवटी ठरलं असं: भात आणि मटण आवारातच शिजवायचं, तरुण संघ आणि पंच कमिटी मिळून, उपासनेला आळीपाळीने दोघं-दोघं पातेल्यापाशी. शाकाहारी लोकांसाठी भाजी केटररकडून. भाकरी प्रत्येक घरातून पाच, फडक्यात बांधून, दारात पाटी. भांडी घासायला पहिलं नाव खजिनदार काकांचं लिहिलंय, त्यांना अजून सांगितलेलं नाही. आणि लिलाव थोडा आवरता घेऊ. पाळकसाहेब म्हणाले करा, पण याला संस्कार म्हणू नका. म्हटलं नाही म्हणणार.

आता खरा प्रश्न, २२० लोकांना तांदूळ किती लागेल? भाकरी असणार आहेत हे धरून. मी आयुष्यात सहा माणसांच्या वर स्वयंपाक केलेला नाही.

---

खरकटं

भाकरी आहेत तर माणशी ऐंशी ग्रॅम धर, अठरा किलो घे, दोन किलो वर ठेव, वीस. एकाच पातेल्यात करू नका, खालचा गिचका होतो, दोन पातेली. मटण माणशी दीडशे ग्रॅम, आदल्या रात्री हळद-मीठ लावून ठेवा. मीठ एकाच माणसाने टाकायचं, आणि त्याने टाकलं की मोठ्याने सांगायचं, नाहीतर येणारा-जाणारा प्रत्येक पुरुष चव बघून मूठभर टाकतो, आमच्याकडे दुसऱ्या वर्षी तेच झालं.

---

भाकरतुकडा

खरकटं ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. नाही, दिसल्या नव्हत्या. आमच्या मंडळीचं प्रीतिभोजन डिसेंबरात असतं, बायकोला आत्ताच विचारलं की पातेलं घासायला राख चांगली का पावडर. ती अजून हसतेय.